इंडोनेशियन नाती आणि अनेकवचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे बहासा इंडोनेशिया शिकायला येणाऱ्यांमध्ये बालीची सहल ठरलेले असतात, नोकरीनिमित्त जकार्ता-सुराबायाला निघालेले असतात, आणि घरात इंडोनेशियन सून किंवा जावई येऊ घातलेलेही असतात. पहिल्या काही तासांत सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात: नाती कशी सांगायची आणि ‘मुलगा’चं ‘मुलगे’ कसं करायचं. ते इथे एकत्र केलेत.

देवनागरीत लिहिलेले हे उच्चार कसे वाचायचे?

भाषा रोमन लिपीत लिहितात आणि बहुतेक शब्द लिहिले तसेच वाचतात. अडचण येते ती दोन-तीन ठिकाणी. सी हे अक्षर कायम ‘च’. त्यामुळे नातवंड म्हणजे ‘चुचु’. ‘कुकु’ म्हटलंत तर कुणाला कळणार नाही. ई या अक्षराचे दोन उच्चार आहेत, एक ‘ए’ आणि दुसरा आपल्या ‘अ’सारखा, आणि रोजच्या लिखाणात हा फरक दाखवत नाहीत. म्हणून ‘कलुआर्गा’ (कुटुंब) आणि ‘नेनेक’ (आजी) यांत अक्षर एकच असून उच्चार वेगळे. शब्दाच्या शेवटी आलेला ‘क’ पूर्ण उच्चारत नाहीत. घसा चटकन बंद करून तो गिळतात. मी खाली ‘काकाक’, ‘बापाक’ असं लिहिलंय, पण कानावर जवळपास ‘काका’, ‘बापा’ पडेल.

सगळ्यात आधी कोणते शब्द पाठ करू?

‘आयाह’ किंवा ‘बापाक’ म्हणजे वडील, ‘इबु’ म्हणजे आई. दोघे मिळून ‘ओरांग तुआ’, शब्दशः म्हातारी माणसं, पण अर्थ आईवडील. ‘आनाक’ म्हणजे मूल, ‘काकेक’ आजोबा, ‘नेनेक’ आजी, ‘चुचु’ नातवंड, ‘सुआमी’ नवरा, ‘इस्त्री’ बायको. ‘काकाक’ म्हणजे मोठं भावंड, ‘आदिक’ म्हणजे धाकटं. ‘सपुपु’ म्हणजे चुलत, मामे, मावस, आते यांतलं कुठलंही भावंड. ‘कपोनाकान’ म्हणजे पुतण्या, पुतणी, भाचा, भाची यांतलं कुणीही.

जोडीने बोलायचं असेल तर आपल्या ‘आजीआजोबा’, ‘नवराबायको’सारखेच जोडशब्द आहेत: ‘काकेक-नेनेक’, ‘सुआमी-इस्त्री’, ‘काकाक-आदिक’. नवराबायकोच्या जोडीला ‘पासांगान सुआमी इस्त्री’ म्हणतात आणि इंडोनेशियन माणसाला आद्याक्षरं जोडायची भारी हौस, म्हणून वर्तमानपत्रात त्याचं ‘पासुत्री’ होतं.

भाऊ आणि बहीण यांना वेगळे शब्दच नाहीत का?

रोजच्या बोलण्यातले मुख्य शब्द नाहीत. आपण भावंड म्हटलं की आधी मुलगा की मुलगी ते सांगतो, मोठं की धाकटं ते नंतर, गरज असली तर. तिकडे उलटं. आधी वय. ‘काकाक’ हा दादाही आहे आणि ताईही. स्पष्टच करायचं असेल तर पुढे ‘लाकी-लाकी’ (पुरुष) किंवा ‘परम्पुआन’ (स्त्री) जोडायचं: ‘काकाक परम्पुआन’ म्हणजे मोठी बहीण, ‘आदिक लाकी-लाकी’ म्हणजे धाकटा भाऊ.

मराठी माणूस ‘मला एक भाऊ आहे’ हे वाक्य घेऊन येतो आणि अडतो, कारण मोठा की धाकटा हे ठरवल्याशिवाय ते सरळ सांगता येत नाही. ‘सौदारा’ हा मोघम शब्द आहे, पण तो भावंडापासून दूरच्या नातेवाइकापर्यंत कुणालाही लागतो. सख्खं असेल तर ‘सौदारा कान्दुंग’ म्हणतात. ‘कान्दुंग’ म्हणजे उदर. सावत्रला ‘तिरी’ आणि दत्तकला ‘आंगकात’.

भावंडांची संख्या सांगताना स्वतःला धरून सांगतात. ‘साया तिगा बर्सौदारा’ म्हणजे ‘आम्ही तिघं भावंडं’. मला तीन भावंडं आहेत असा अर्थ नाही. थोरल्याला ‘सुलुंग’, शेंडेफळाला ‘बुंगसु’ आणि एकुलत्याला ‘तुंगाल’ म्हणतात. शाळेत, मुलाखतीत, नव्या ओळखीत स्वतःबद्दल सांगताना ‘मी तिघांतलं दुसरं’ हे वाक्य हटकून येतं, म्हणून हे शब्द लवकर शिकलेले बरे.

काका, मामा, आत्या, मावशी यांचं काय?

प्रमाण भाषेत सगळं दोन शब्दांत आटपतं: ‘पामान’ आणि ‘बीबी’. शहरात त्याऐवजी डचांकडून आलेले ‘ओम’ आणि ‘तान्ते’ जास्त ऐकू येतात. हा ‘ओम’ पोथीतला नव्हे, शेजारचे काका.

पण जावामध्ये गेलात की मांडणी पुन्हा वयावर येते. आई किंवा वडिलांपेक्षा मोठा तो ‘पाकदे’, मोठी ती ‘बुदे’. धाकटा तो ‘पाकलिक’, धाकटी ती ‘बुलिक’. आईकडचा की वडिलांकडचा, याला इथे महत्त्व नाही. याचीच पुढची पायरी म्हणजे तुमच्या पाकदेचा मुलगा तुमच्याहून वयाने लहान असला तरी परंपरेने तो मोठ्या शाखेतला, म्हणून त्याला दादा म्हणायचं. पन्नाशीचे गृहस्थ विशीतल्या पोराला ‘मास’ (जावातला ‘दादा’) म्हणताना दिसले तर ते चेष्टा करत नसतात.

सुमात्रात चित्र बदलतं आणि मराठी माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. पश्चिम सुमात्रातला मिनांगकाबाउ समाज मातृवंशीय आहे. घर आणि वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. तिथे आईच्या भावाला ‘मामाक’ म्हणतात. शेवटचा क गिळला की काय उरतं ते तुम्हीच म्हणून बघा. हा मामाक भाचरांचा अधिकारी पालक असतो. उत्तर सुमात्रातल्या तोबा बाताक लोकांत मामाला ‘तुलांग’ म्हणतात आणि त्याचा मान मोठा. मुलाने तुलांगच्या मुलीशी लग्न करणं तिथे परंपरेने उत्तम स्थळ समजलं जातं. अशा मुलीला ‘पारिबान’ म्हणतात. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडेही अनेक समाजांत आहे, त्यामुळे हे समजावून सांगावं लागत नाही. एक सावधगिरी: प्रमाण इंडोनेशियनमध्ये ‘तुलांग’ म्हणजे हाड.

सासरची नाती?

इथे मराठीची श्रीमंती बाजूला ठेवायची. सासू ‘इबु मर्तुआ’, सासरे ‘बापाक मर्तुआ’. सून आणि जावई दोघंही ‘मनान्तु’. दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी, वहिनी, भावोजी या सगळ्यांना मिळून एक शब्द, ‘इपार’. त्यातही भेद करायचा तर वयाचाच: ‘काकाक इपार’ आणि ‘आदिक इपार’. घरातल्या झाडांच्या हौशी लोकांसाठी: लांब टोकदार पानांच्या सान्सेव्हिएरियाला तिथे ‘लिदाह मर्तुआ’ म्हणतात, सासूची जीभ.

दोन शब्द मात्र असे आहेत की इंग्रजीतून शिकणारे गोंधळतात आणि आपण नाही. ‘बेसान’ म्हणजे व्याही किंवा विहीण. (बेसनाचा संबंध नाही.) आणि ‘बिरास’ म्हणजे सख्ख्या भावंडांशी लग्न झालेल्या दोघांचं एकमेकांशी नातं, म्हणजे साडूसाडू किंवा जावाजावा. ‘बेसान’ सर्रास ऐकाल. ‘बिरास’ जकार्तातल्या तरुणांना विचारलंत तर कदाचित डोकं खाजवतील.

बरेच शब्द ओळखीचे का वाटतात?

कारण ते संस्कृतातून गेलेत. कुल आणि वर्ग मिळून ‘कलुआर्गा’, सोदरचा ‘सौदारा’, स्वामीचा ‘सुआमी’, स्त्रीची ‘इस्त्री’. ‘पुत्रा’ आणि ‘पुत्री’ हे दुसऱ्याच्या मुलांबद्दल आदराने बोलताना वापरतात. स्वतःच्या मुलांना ‘आनाक’च म्हणायचं, नाहीतर शेखी मिरवल्यासारखं वाटतं. २००१ ते २००४ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या मेगावती सुकार्णोपुत्री यांच्या नावाचा उत्तरार्ध तुम्हाला आपोआप कळेल. त्या पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांच्या कन्या. ‘पुत्रा-पुत्री’सारखी स्त्रीलिंग-पुल्लिंगाची जोडी या भाषेत अशा उसन्या शब्दांतच प्रामुख्याने दिसते. एरवी लिंगभेद नाही. ‘दिआ’ म्हणजे तो आणि ‘दिआ’ म्हणजेच ती.

ओळखीचे दिसून फसवणारेही आहेत. ‘मामा’ म्हणजे आई. ‘बीबी’ म्हणजे मावशी किंवा आत्या, बायको नव्हे. ‘बायी’ म्हणजे तान्हं बाळ. आणि ‘इस्त्री’ कुठे आहे असं हॉटेलात विचारलंत तर तुमची बायको हरवली आहे असं समजतील; कपड्यांच्या इस्त्रीला ‘सत्रिका’ म्हणतात.

अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारायची का?

हो, आणि हे नुसतं सौजन्य नाही, त्याशिवाय वाक्य नीट उभंच राहत नाही. ‘तू’साठी ‘कामु’ आहे, पण तो वडीलधाऱ्यांना चालत नाही. ‘आंदा’ हा औपचारिक शब्द जाहिरातीत आणि फॉर्मवर शोभतो, समोरासमोर कोरडा वाटतो. मग ‘तुम्ही’च्या जागी नातंच घालतात: ‘इबु माउ क माना?’ म्हणजे शब्दशः ‘आई कुठे जायचं म्हणते?’, अर्थात ‘बाई, तुम्ही कुठे निघालात?’ हाक मारताना ‘पाक’ आणि ‘बु’ एवढंच उरतं.

जावामध्ये बरोबरीच्या किंवा जरा मोठ्या पुरुषाला ‘मास’, स्त्रीला ‘म्बाक’. हॉटेलातल्या वेटरलाही ‘मास’. सुंदा भागात, म्हणजे बांदुंगकडे, ‘आआ’ आणि ‘तेतेह’, बालीत ‘ब्ली’ आणि ‘म्बोक’, उत्तर सुमात्रातल्या मेदानला ‘बांग’. काहीच कळेना तर ‘काक’ म्हणा, म्हणजे काकाकचं लघुरूप. ऑनलाइन दुकानदार तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘काक’ म्हणतात, गिऱ्हाईक आजोबांच्या वयाचं असलं तरी. सुकार्णोंना लोक ‘बुंग कार्नो’ म्हणत आणि उपराष्ट्राध्यक्ष हत्तांना ‘बुंग हत्ता’. ‘बुंग’ म्हणजे भाऊ, स्वातंत्र्यलढ्यातला.

जकार्तातली पोरं आपापसात वडिलांना ‘बोकाप’ आणि आईला ‘न्योकाप’ म्हणतात. ऐकून ठेवा, वापरू नका.

अनेकवचन म्हणजे शब्द दोनदा म्हणायचा, एवढंच ना?

एवढंच, आणि बहुतेक वेळा तेवढंही नाही. ‘आनाक’ मूल, ‘आनाक-आनाक’ मुलं, ‘इबु-इबु’ बायका. हे खरं, पण द्विरुक्ती ही सक्ती नाही. नुसता ‘आनाक’ हा एकही असू शकतो आणि पाचही. द्विरुक्ती तेव्हाच, जेव्हा अनेक आहेत हे सांगणं महत्त्वाचं असतं आणि वाक्यात दुसरं काहीच ते सांगत नसतं. ‘मला मांजरं आवडतात’ याला ‘साया सुका कुचिंग’ पुरे. तिथे ‘कुचिंग-कुचिंग’ म्हटलंत तर कुठल्या तरी ठरावीक मांजरांबद्दल बोलताय असं वाटेल.

नवीन शिकणारे दर दुसरा शब्द दोनदा म्हणत सुटतात. पाठ्यपुस्तकात तो नियम पहिल्या पानावर असतो ना!

आकडा आला की काय करायचं?

शब्द एकदाच. दोन मुलं म्हणजे ‘दुआ आनाक’. ‘दुआ आनाक-आनाक’ चूक. ‘बान्याक’ (पुष्कळ), ‘बबरापा’ (काही), ‘समुआ’ (सगळे) यांच्यानंतरही तसंच.

लक्षात ठेवायला दोन वाक्यं पुरतात. जुनी म्हण आहे ‘बान्याक आनाक, बान्याक रज्की’: पुष्कळ मुलं, पुष्कळ बरकत. दुसरे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत १९७० साली कुटुंबनियोजनाचं राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं आणि त्याने नेमकी उलट घोषणा घरोघरी नेली: ‘दुआ आनाक चुकुप’, दोन मुलं पुरेत. सत्तरच्या दशकातल्या ५ रुपियाच्या एका नाण्यावर आईबाप आणि दोन मुलांचं चित्रही होतं. म्हण आणि घोषणा एकमेकींच्या विरोधात, पण व्याकरण दोघींचं एक. मूल एकदाच.

मग ‘तिगा ओरांग आनाक’ मध्ये मध्येच ‘ओरांग’ कुठून आला?

तो मोजणीचा शब्द. माणसं मोजताना ‘ओरांग’, जनावरं मोजताना ‘एकोर’ (शेपूट), वस्तू मोजताना ‘बुआह’ (फळ). ‘दुआ एकोर कुचिंग’ म्हणजे दोन मांजरं. आपण ‘चार नग’ किंवा ‘दोन जोड’ म्हणतो त्याच्या जवळपास, फक्त जास्त सर्रास. बोलताना गाळला तरी चालतो. एकासाठी मात्र ‘सओरांग आनाक’ नेहमी भेटेल: ‘एक मूल’ किंवा ‘कुणी एक मूल’.

बोलण्यात आकडा बहुधा शेवटी टाकतात: ‘आनाक साया दुआ’, माझी मुलं दोन.

‘पारा’ म्हणजे काय?

माणसांच्या समूहापुढे लागणारा शब्द, भाषणातला आणि बातमीतला. ‘पारा इबु’ म्हणजे समस्त मातावर्ग, ‘पारा तामु’ म्हणजे पाहुणेमंडळी. ‘मंडळी’ आपण मागे लावतो, ते ‘पारा’ पुढे लावतात. मांजरांना किंवा खुर्च्यांना लावायचा नाही, आणि ‘पारा’ असताना शब्द दोनदा म्हणायचा नाही. दुसरा नियम खुद्द इंडोनेशियन लोकही मोडतात आणि शिक्षक त्यांना टोकतात.

पण मग एक की अनेक ते कळणार कसं? क्रियापद तरी बदलतं का?

नाही. मराठीत ‘भाऊ आला’ आणि ‘भाऊ आले’ यांत ‘भाऊ’ तसाच राहतो, पण क्रियापद उलगडा करतं. तिथे ‘काकाक साया दातांग’ म्हणजे माझा दादा आला, माझी ताई आली, माझी मोठी भावंडं आली, उद्या येणार आहेत, यांतलं काहीही. बाकीचं प्रसंगावरून समजायचं. दाराशी एकच चप्पल दिसत असेल तर एकच आलंय.

एक गंमत विशेषणाची. ‘आनाकन्या चांतिक-चांतिक’ या वाक्यात ‘आनाक’ एकदाच आणि ‘चांतिक’ (सुंदर) दोनदा. अर्थ: तिच्या मुली एकेक सुंदर आहेत. अनेकपणा नामावर न दाखवता विशेषणावर दाखवलाय. आपण ‘मोठमोठी घरं’ म्हणतो तेव्हा कान जे टिपतो, तेच.

आजोबांबद्दल बोलताना आदरार्थी अनेकवचन लागतं का?

असं काही नाहीच. ‘आजोबा आले’ मधलं ‘आले’ तिथे करता येत नाही, आणि मराठी माणसाला सुरुवातीला हे उद्धट वाटतं. ‘दिआ’ म्हणजे ‘तो’ ना, मग आजोबांना ‘दिआ’ कसं म्हणू? त्यासाठी वेगळा शब्द आहे: ‘बलिआउ’. ‘बलिआउ काकेक साया’, हे माझे आजोबा. गुरू, पुढारी, दिवंगत वडीलधारे, सगळ्यांना ‘बलिआउ’. हा नेहमी एकाच व्यक्तीबद्दल. अनेकांबद्दल बोलताना ‘मरेका’ (ते, त्या), त्यात आदर-अनादर काही नाही.

दोनदा आलेला प्रत्येक शब्द अनेकवचनी असतो का?

अजिबात नाही, आणि इथेच मजा आहे. ‘माता’ म्हणजे डोळा, ‘माता-माता’ म्हणजे हेर. ‘लांगित’ आकाश, ‘लांगित-लांगित’ छत किंवा टाळू. ‘जालान’ रस्ता, ‘जालान-जालान’ फेरफटका. ‘हाती-हाती’ म्हणजे जपून. ‘कुपु-कुपु’ म्हणजे फुलपाखरू, एकच; दोन फुलपाखरं म्हणजे ‘दुआ एकोर कुपु-कुपु’. ‘लाकी-लाकी’ म्हणजे एक पुरुष. प्रवासाहून आणायची भेट ‘ओलेह-ओलेह’. ती रिकाम्या हाताने घरी आलात तर विचारली जाते.

‘आनाक-आनाक’ हाही पूर्ण सरळ नाही. ‘दिआ मासिह आनाक-आनाक’ म्हणजे ‘तो अजून लहान आहे’. एकाच मुलाबद्दल. इथे शब्द ‘बालवयातला’ या अर्थाने आलाय. नुसता ‘आनाक’ म्हटलं की कुणाचं तरी अपत्य, मग ते साठ वर्षांचं का असेना.

गप्पांमध्ये ‘आदा बापाक-बापाक’ असं सुरू झालं तर एकच ‘काका टाइप’ माणूस असू शकतो. ‘इबु-इबु’चंही तसंच. या शब्दांची ठसकेबाज बहीण म्हणजे ‘एमाक-एमाक’ (‘एमाक’ म्हणजेही आई). स्कूटरवरून डावा इंडिकेटर दाखवत उजवीकडे वळणाऱ्या एमाक-एमाक हा इंडोनेशियन समाजमाध्यमांवरचा कायमचा विनोद आहे. विनोद किती न्याय्य ते जाऊ द्या, पण २०१९च्या निवडणुकीच्या प्रचारात हा शब्द व्यासपीठावरूनही गाजला.

काही शब्दांचा दुसरा भाग बदलतो: ‘सायुर-मायुर’ म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या, ‘लाउक-पाउक’ म्हणजे भाताबरोबरचे निरनिराळे पदार्थ. रूप आपल्या ‘भाजीबिजी’सारखं दिसतं, पण त्यात ‘बिजी’चा बेफिकीरपणा नाही, विविधता आहे.

‘ओरांग तुआ’चं अनेकवचन?

आईवडील दोघं असले तरी ‘ओरांग तुआ’च. शाळेतल्या पालकसभेला सगळे पालक जमले की ‘पारा ओरांग तुआ’. आणि ‘ओरांग-ओरांग तुआ’ म्हटलंत की म्हातारी माणसं झाली. जोडशब्दात बहुधा पहिलाच भाग दोनदा येतो: इस्पितळ ‘रुमाह साकित’, इस्पितळं ‘रुमाह-रुमाह साकित’.

‘माझी आई’, ‘तुझा भाऊ’ कसं म्हणायचं?

मालक मागे: ‘इबु साया’, आई माझी. जवळिकीने ‘इबुकु’. तुझी आई ‘इबुमु’, त्याची किंवा तिची ‘इबुन्या’. हाच ‘न्या’ अदबीने समोरच्यालाही चालतो: ‘आनाकन्या बरापा, बु?’ म्हणजे ‘तुम्हाला मुलं किती?’

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक आहे का?

आहे, आणि इथे मराठी माणूस इंग्रजीवाल्याच्या कोसभर पुढे असतो. ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘किता’ म्हणजे आपण. पाहुण्याला घरच्यांचा फोटो दाखवताना ‘कलुआर्गा कामी’ म्हणायचं. ‘कलुआर्गा किता’ म्हटलंत तर पाहुण्यालाही घरात धरलंत. होणाऱ्या जावयासमोर हे मुद्दाम म्हणता येईल. जकार्ताच्या बोलीत ‘कामी’च्या जागीही ‘किता’ घुसतो, तिकडे लक्ष देऊ नका.

लग्न झालंय का, मुलं किती, असं सरळ विचारतात. काय उत्तर देऊ?

खोचकपणा समजू नका. तुम्हाला मास म्हणायचं की पाक, हेही त्यातून ठरतं. उत्तर ‘सुदाह’ (झालंय) किंवा ‘बलुम’ (अजून नाही). ‘तिदाक’ म्हणजे सरळ नाही. या प्रश्नाला ते फार तोडून टाकल्यासारखं वाटतं. चाळिशीतला अविवाहितही ‘बलुम’च म्हणतो, आणि हसतो. एक मूल असलेले आईबाप ‘बारु सातु’ म्हणतात: आत्ताशी एकच.

मेसेजमध्ये ‘आनाक’पुढे २ का लिहितात?

आळस, पण परंपरा असलेला. १९४७च्या शुद्धलेखनात शब्द दोनदा लिहिण्याऐवजी पुढे २ लिहिण्याची अधिकृत मुभा होती. १९७२ला नवे नियम आले आणि मधे छोटी रेघ देऊन पूर्ण शब्द दोनदा लिहायचं ठरलं. सरकारी कागदावरून २ गेला, व्हॉट्सॲपवर राहिला. परीक्षेत लिहू नका.

एखादा छोटा उतारा द्या ना, पाठ करायला.

‘इनी फोतो कलुआर्गा साया. साया आनाक कदुआ दारी तिगा बर्सौदारा. काकाक साया सुदाह मनिकाह, आनाकन्या दुआ. आदिक साया बलुम. काकेक-नेनेक तिंगाल दि कामपुंग.’

हा माझ्या कुटुंबाचा फोटो. मी तीन भावंडांतला दुसरा. माझ्या मोठ्या भावंडाचं लग्न झालंय, त्याला दोन मुलं आहेत. धाकट्याचं अजून व्हायचंय. आजीआजोबा गावी राहतात.

शोधून बघा: या पाच वाक्यांत अनेकवचनासाठी एकही शब्द दोनदा आलेला नाही, तरी किती माणसं आहेत ते बहुतेक कळतं. दादा की ताई ते मात्र कळत नाही, फोटोत बघायचं.

बालीत प्रत्येक तिसरा माणूस वायान किंवा मादे कसा?

कारण ती नावं जन्मक्रमाची आहेत. पहिलं मूल वायान, पुतु किंवा गदे, दुसरं मादे किंवा कादेक, तिसरं न्योमान किंवा कोमांग, चौथं कतुत. त्यांतली बरीच मुलग्यालाही चालतात आणि मुलीलाही. पुढे पुरुषाला ‘इ’ आणि स्त्रीला ‘नी’ लावतात. पाचव्यापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून पाचव्याला कधी ‘वायान बालिक’ म्हणतात, म्हणजे फिरून वायान.

‘दुआ आनाक चुकुप’चा परिणाम असा की दोनावर थांबणाऱ्या घरांत न्योमान आणि कतुत जन्मालाच येईनात. २०१९ मध्ये बालीचे गव्हर्नर वायान कोस्तर यांनी दोन मुलांच्या धोरणाऐवजी चार मुलांचा पुरस्कार सुरू केला, त्यामागे ही नावं टिकावीत हेही कारण होतं. ड्रायव्हरचा नंबर मोबाइलमध्ये जतन करताना नुसतं ‘वायान’ लिहू नका. गाव किंवा गाडीचा रंग पुढे जोडा.